अभ्यासाचा तास : घराचा, शाळेचा आणि गावाचा



ग्रामीण विकासाचा आढावा घेताना किती किलोमीटर रस्ते झाले, किती नळजोडण्या दिल्या गेल्या, शाळेच्या किती खोल्या बांधून पूर्ण झाल्या, याची नोंद दप्तरी असते. पटावर किती मुले आहेत आणि त्यांपैकी किती हजर आहेत, हेही रोजच्या रोज लिहिले जाते. परंतु वर्गात हजर असलेले मूल धड्याकडे किती वेळ लक्ष देते आणि घरी पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी खरोखर त्या पुस्तकात किती वेळ असतो, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. शिक्षणावर होणाऱ्या साऱ्या खर्चाचे फळ मात्र अखेरीस या न मोजल्या जाणाऱ्या गोष्टीवरच अवलंबून असते. विद्यार्थ्यांचे मोबाईल फोनचे वेड हा विषय म्हणूनच केवळ घरातील तक्रारीचा राहिलेला नाही. तो शाळेचा आहे, तसाच ग्रामपंचायतीचाही आहे.

या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. मोबाईलमुळे पिढी बिघडली, तो मुलांच्या हातून काढून घ्यावा, असे एक मत आहे. काळ बदलला आहे, मुले आपोआप शिकतील, असे दुसरे. या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. लक्ष देणे ही सर्वस्वी मुलाच्या इच्छाशक्तीची बाब आहे, असे दोन्ही मते गृहीत धरतात. वस्तुस्थिती तशी नाही. मुलाला लक्ष देता येईल अशी परिस्थिती मोठ्या माणसांनी निर्माण करावी लागते आणि ती एकट्या घराला निर्माण करता येणे अवघड असते. या विधानाची कारणे आणि त्यावरील उपाय यांचा विचार येथे करावयाचा आहे.

साधन घरोघरी कसे पोहोचले

भारतात मोबाईल फोनवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता (तेव्हाचे कलकत्ता) आणि दिल्ली या शहरांदरम्यान झाले. त्या वेळी हे साधन मूठभर लोकांपुरतेच होते. २०१६ नंतर इंटरनेटचा दर झपाट्याने उतरला आणि सामान्य कुटुंबालाही स्मार्टफोन वापरणे परवडू लागले. त्यानंतर २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाखाली महाराष्ट्रात अभ्यासाचे साहित्य मोबाईलवरून घरोघर पाठविले गेले. ज्या पालकांनी तोवर मुलांना फोनपासून दूर ठेवले होते, त्यांनीच तो आणून मुलांच्या हाती दिला. कित्येकांनी त्यासाठी कर्ज काढले. त्या काळात ते आवश्यकच होते. शाळा पुन्हा भरू लागल्या. फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला.

‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा अहवाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. १४ ते १६ वर्षे वयाच्या सुमारे ८९ टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन असल्याचे या पाहणीत आढळले. तो वापरता येतो, असे ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शैक्षणिक कामासाठी फोन वापरल्याचे सुमारे ५७ टक्के मुलांनी, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्के मुलांनी नमूद केले. या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. फोन शिक्षणाचे साधन आहे, हे नाकारता येणार नाही. कारण निम्म्याहून अधिक मुले त्याचा तसा उपयोग करीत आहेत. परंतु त्याच पडद्यावर, त्याच बोटाच्या अंतरावर करमणुकीचे दार सदैव उघडे आहे, हेही तितकेच खरे आहे.

लक्ष विचलित होते तेव्हा काय घडते

सातवीतील एक विद्यार्थी सरळव्याजाचे शाब्दिक उदाहरण सोडवीत आहे, अशी कल्पना करावी. मुद्दल किती, दर किती, मुदत किती आणि विचारले आहे काय, या चार गोष्टी त्याला एकाच वेळी मनात धरून ठेवाव्या लागतात. मनाच्या या तात्पुरत्या पाटीला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती असे म्हणतात. ही पाटी फार लहान असते आणि लक्ष हलले की ती पुसली जाते. उदाहरण अर्धे झाले असता फोनवर संदेशाचा आवाज आला, विद्यार्थ्याने तो पाहिला आणि अर्ध्या मिनिटात फोन खाली ठेवला, तर वेळ अर्ध्याच मिनिटाचा गेला, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात त्याला उदाहरण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागते. शिवाय संदेश कोणाचा होता, उत्तर काय द्यावे, हा विचार मागे रेंगाळत राहतो. एका कामावरून दुसऱ्याकडे वळल्यानंतर पहिल्या कामात गुंतलेले लक्ष पुरतेपणी सुटत नाही, ही गोष्ट सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिली आहे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरील मोटार सुरू झाली म्हणजे पाणी लगेच शेवटच्या वाफ्यात पोहोचत नाही. आधी पाट भिजावा लागतो, मग पाणी पुढे सरकते. दर पाच-सहा मिनिटांनी वीज गेली, तर दिवसभर मोटार चालूनही पाटच भिजत राहतो आणि शेवटचे वाफे कोरडे राहतात. वारंवार खंडित होणाऱ्या अभ्यासाचे असेच होते. मूल तीन तास पुस्तक घेऊन बसलेले असते, पालकांना समाधान वाटते. परंतु कठीण भागापर्यंत त्याचे मन पोहोचतच नाही. परीक्षेत गुण कमी पडले की मूल मंद आहे, असा निष्कर्ष काढला जातो. मुलालाही हळूहळू तसेच वाटू लागते. या प्रश्नातील सर्वांत मोठी हानी ही आहे.

अमेरिकेत लॅरी रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या २६३ विद्यार्थ्यांना त्यांच्या नेहमीच्या अभ्यासाच्या जागी प्रत्येकी पंधरा मिनिटे पाहण्यात आले. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे ठाऊक असूनही सरासरीने सहा मिनिटांच्या आतच विद्यार्थी अभ्यास सोडून दुसरीकडे वळत होते. त्याला कारण बहुधा फोन किंवा संगणकावरील संदेश व समाजमाध्यमे हेच होते.

टेक्सास विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही उद्बोधक आहे. सुमारे ८०० जणांना एकाग्रतेची कसोटी पाहणारे प्रश्न सोडविण्यास देण्यात आले. काहींनी आपला फोन समोर मेजावर ठेवला, काहींनी खिशात वा पिशवीत, तर काहींनी दुसऱ्या खोलीत. सर्वांचे फोन निःशब्द होते. तरीही ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते त्यांची कामगिरी मेजावर फोन ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. पुढे इतरांनी केलेल्या अशाच प्रयोगांत प्रत्येक वेळी हा परिणाम दिसून आला नाही; तेव्हा तो अंतिम सिद्धान्त मानू नये. तथापि अभ्यासाच्या वेळी फोन नजरेआड आणि दुसऱ्या खोलीत असावा, ही सूचना बिनखर्चाची आहे आणि तिच्यात तोटा काहीच नाही.

झोपेचा विचारही येथेच केला पाहिजे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप मिळावी, अशी अमेरिकेतील निद्राविज्ञान संस्थेची २०१६ ची शिफारस आहे. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेत होते. रात्री बारापर्यंत पडदा पाहून सकाळी सातच्या शाळेला येणारे मूल पहिल्या तासाला पेंगते, तेव्हा त्याने आजचा धडा गमावलेला असतो आणि कालचाही काही अंशी गमावलेला असतो.

दोष मुलांचा किती

या विषयात ‘व्यसन’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो जपून वापरणे योग्य होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. मोबाईलचे व्यसन असा स्वतंत्र रोग त्यात नाही. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा त्याला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्या विकाराची लक्षणे होत. ती सामान्यतः वर्षभर दिसून आली, तरच निदान केले जाते. बहुसंख्य मुले या अर्थाने रुग्ण नाहीत. त्यांना एक सवय जडली आहे आणि ती जडावी अशीच त्या साधनाची रचना आहे.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले होते, की बक्षीस ठरावीक वेळी मिळण्याऐवजी अनिश्चितपणे मिळू लागले, तर ते मिळविण्याची धडपड अधिक चिकाटीने चालू राहते. फोन उघडल्यावर कधी मित्राचा संदेश असतो, कधी नसतो. एक चित्रफीत कंटाळवाणी निघते, पुढची हसविते. या अनिश्चिततेतच तिचे बळ आहे. त्यात भर पडली ती न संपणाऱ्या पानाची. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते. तेथे थांबावे की पुढे जावे, हा विचार करण्याची संधी वाचकाला मिळते. बोटाने सरकविले की पुढचा मजकूर आपोआप येत राहावा, ही योजना एझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली. या योजनेत ती संधीच उरली नाही. आपल्या या निर्मितीबद्दल पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला.

ज्या रचनेपुढे प्रौढ माणसेही टिकत नाहीत, तिच्यापुढे बारा वर्षांच्या मुलाने टिकावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांचे अनेक वर्षे निरीक्षण केले. २००४ मध्ये ही माणसे एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे लक्ष ठेवीत. अलीकडच्या निरीक्षणांत हा काळ सरासरी ४७ सेकंदांवर आला आहे. हे निरीक्षण कार्यालयात काम करणाऱ्या प्रौढांचे आहे, हे विसरता कामा नये. सभेत अहवालाचे वाचन चालू असता मेजाखाली फोन पाहणारे सदस्य, वर्गात मुलांना उदाहरण घालून स्वतः फोन पाहणारे शिक्षक आणि जेवताना ताटाशेजारी फोन ठेवणारे वडील हे सर्व मुलांच्या डोळ्यांसमोर असतात. मुले उपदेशापेक्षा हे दृश्य अधिक लक्षपूर्वक पाहतात.

शाळेतील बंदी पुरेशी आहे काय

अनेक देशांनी शाळेत फोन वापरण्यावर बंधने घातली आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये तसा कायदा केला. नेदरलँड्समध्ये २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गांतून फोन बाहेर काढण्यात आले. ब्राझीलनेही २०२५ मध्ये कायदा केला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञान शिक्षणाला उपकारक ठरेल तेथेच वापरावे, असा सल्ला दिला आहे.

या उपायांचा परिणाम काय झाला, याचे उत्तर सरळ नाही. इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांचा अभ्यास करून लुई-फिलिप बेलांड आणि रिचर्ड मर्फी यांनी २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला, की फोनबंदीनंतर १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण वाढले. ही वाढ अभ्यासात मागे असलेल्या मुलांमध्ये सर्वाधिक होती. अग्रेसर मुलांवर विशेष परिणाम दिसला नाही. स्वीडनमध्ये अशाच पद्धतीने केलेल्या अभ्यासात मात्र असा लाभ आढळला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांतील १,२२७ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेत बंदी असलेल्या आणि नसलेल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यात फरक दिसला नाही. कारण उघड होते. शाळेत वाचलेला फोनचा वेळ एकूण वापरात फारसा उतरत नव्हता. दुसरीकडे, ज्या मुलांचा एकूण वापर अधिक होता त्यांची झोप आणि वर्गातील वर्तन ही दोन्ही अधिक वाईट असल्याचे याच अभ्यासात दिसून आले.

या तिन्ही अभ्यासांचा एकत्रित विचार केला असता दोन बोध मिळतात. लक्ष सांभाळण्याच्या उपायांचा सर्वाधिक लाभ मागे पडलेल्या मुलांना होण्याचा संभव आहे; ज्यांच्या घरी शिकवणी नाही, स्वतंत्र खोली नाही आणि विचारण्यास शिकलेले कोणी नाही, अशी ही मुले. हा पहिला बोध. दुसरा असा, की शाळेच्या फाटकाशी थांबणारा उपाय अपुरा आहे. प्रश्न संध्याकाळचा आहे आणि संध्याकाळ शाळेच्या ताब्यात नसते.

एका गावाने काढलेला मार्ग

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. शेतकरी आणि साखर कारखान्यांतील कामगार यांची ही वस्ती. साथीनंतर शाळा सुरू झाल्यावर मुलांचे अभ्यासात मन लागत नाही, शाळेपूर्वी आणि शाळेनंतर ती फोनमध्ये गुंतलेली असतात, अशी तक्रार शिक्षक करू लागले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हा विषय ग्रामसभेपुढे आला. रोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठ वाजता तो पुन्हा वाजेपर्यंत प्रत्येक घरातील दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहावेत, असे ठरले. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचन वा परस्परांशी बोलणे करावे, अशी अपेक्षा होती.

आरंभी काहींनी या कल्पनेची थट्टा केली. महिलांनी मात्र तिला पाठिंबा दिला. मालिका पाहण्यात आपलाही वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन लोकांना समजावून सांगू लागले. हळूहळू भोंग्याची सवय झाली. देशभरातील व परदेशातील वृत्तपत्रांनी या प्रयोगाची दखल घेतली.

या निर्णयाचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. एरवी एका घरातील मुलाला फोन ठेवण्यास सांगितले, की ‘सगळे वापरतात, मीच का नको’ हा त्याचा प्रश्न असतो आणि त्याला पालकांकडे उत्तर नसते. सारा गाव एकाच वेळी फोन बाजूला ठेवतो तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या वेळात मित्राचा संदेश येणार नसतो, म्हणून काही हुकल्याची हुरहूरही नसते. नियम मुलांपुरता नसून वडीलधाऱ्यांनाही लागू असतो, म्हणून त्याला नैतिक बळ येते. शिवाय तो दीड तासापुरता असतो, म्हणून पाळणे शक्य होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बान्सी या गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, असा ठराव केला. तळमळ दोन्ही गावांची सारखीच. मार्ग मात्र निरनिराळे. एका गावाने वेळ राखून ठेवली आणि दुसऱ्याने वय. गावोगाव ठराव करण्यापूर्वी या दोन मार्गांमधील फरकाचा विचार होणे आवश्यक आहे.

मुलींच्या बाजूने एक विचार

सरसकट बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या, फोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्केच होते. घरातील एकमेव फोन वडिलांकडे वा भावाकडे असतो आणि मुलीच्या वाट्याला तो स्वयंपाकपाणी आटोपल्यावर थोडा वेळ येतो, ही अनेक घरांतील स्थिती आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची माहिती, ‘दीक्षा’वरील पाठ, स्पर्धा परीक्षेची तयारी यांपैकी पुष्कळशा गोष्टी आता फोनवरूनच होतात. मोबाईल वाईट, असा ठराव झाला की भावाचा फोन चोरून चालू राहतो. मुलीच्या हातून मात्र तो सर्वांत आधी काढून घेतला जातो. मुलांचे लक्ष वाचविण्यासाठी केलेला उपाय मुलींचे शिक्षण आखडणारा ठरू नये, याची जबाबदारी ठराव करणाऱ्यांवरच आहे.

म्हणूनच वयाची बंदी घालण्यापेक्षा वेळेची मर्यादा ठरविणे हा अधिक न्याय्य मार्ग होय. फोनविना अभ्यासाचा एक तास निश्चित व्हावा आणि फोनवर शिकण्याचाही एक तास, विशेषतः मुलींसाठी, तितक्याच आग्रहाने निश्चित व्हावा.

करता येण्याजोग्या गोष्टी

शाळेपासून आरंभ करावयाचा तर पहिली सुधारणा गृहपाठाची आहे. अनेक शाळांतून गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर पाठविला जातो. शाळा बंद असताना ही सोय होती. आता तीच अडचण ठरत आहे. गृहपाठ पाहण्यासाठी फोन हाती घ्यावाच लागतो आणि एकदा हाती आलेला फोन लवकर खाली ठेवला जात नाही. गृहपाठ फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्यावा. गटावर केवळ पालकांसाठीच्या सूचना असाव्यात आणि त्याही सायंकाळी सातच्या आत पाठवाव्यात. वर्गात शिक्षकांचा फोन, अध्यापनासाठी लागत नसेल तेव्हा, पिशवीत राहावा. लक्ष टिकविण्याचा सरावही शिकविता येतो. रोज दहा मिनिटांच्या मूक वाचनाने आरंभ करून ती वेळ दर पंधरवड्याला थोडी वाढवीत नेली, तर वर्षअखेर वर्ग सलग अर्धा तास वाचू लागणे अशक्य नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी शिक्षणहक्क कायद्याची तरतूद आहे. घर आणि शाळा यांना जोडणारे असे अधिकृत व्यासपीठ दुसरे नाही. मोबाईलचा विषय या समितीच्या बैठकीत घेऊन पालकांनीच नियम सुचवावेत. शाळेने लादलेल्या नियमापेक्षा पालकांनी स्वीकारलेला नियम अधिक पाळला जातो.

ग्रामपंचायतीने ग्रामसभेत चर्चा घडवून अभ्यासाचा तास ठरवावा. चर्चेत महिलांना आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना बोलण्याची संधी मिळावी. वेळ गावाच्या कामकाजाशी जुळणारी असावी. ऊसतोडीच्या, दुधाच्या वा भारनियमनाच्या वेळा पाहून ती ठरवावी. आजारपण, शेतीची मोटार, परगावी असलेल्या कुटुंबीयांचा फोन यांसारख्या निकडीला मुभा असावी. दंडापेक्षा समजुतीवर भर असावा. कारण दंड वसूल करण्यास कोणी घरोघर जाऊ शकत नाही आणि न वसूल झालेला दंड नियमाचीच पत घालवितो. सदस्यांनी आणि पदाधिकाऱ्यांनी आपल्या घरी तो प्रथम पाळावा, हे सांगणे नकोच.

फोन काढून घेतल्यावर मुलांच्या हाती काय द्यावयाचे, याचाही विचार हवा. रिकामा तास मुलांना पुन्हा फोनकडेच नेतो. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. घराघरांतून पुस्तके मांडली गेली आणि वाचनासाठी जागा उपलब्ध झाली. प्रत्येक गावाला तेवढे करता येणार नाही. परंतु समाजमंदिराची एक खोली, दोन दिवे, एक सतरंजी आणि शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली पुस्तके एवढ्यावर अभ्यासिका उभी राहू शकते. ज्या मुलाच्या एका खोलीच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, त्याला या खोलीचे मोल सर्वांत अधिक वाटेल. दिवसाउजेडी कबड्डी, खो-खो यांसाठी मैदान मोकळे ठेवणे, हाही याच कामाचा भाग होय.

घरापुरत्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा. एकच खोली असेल तर तो उंच फडताळावर, कापडाखाली ठेवावा. अनावश्यक सूचनांचे आवाज बंद करावेत. रात्री फोन मुलांच्या अंथरुणाजवळ भारित करू नये. जेवणाच्या ताटाशी कोणाचाही फोन नसावा. लहान मूल रडू लागले की त्याच्या हाती फोन देण्याची सवय आरंभीच टाळावी. पुढे ती मोडणे फार कठीण जाते.

काही मुलांच्या बाबतीत प्रश्न सवयीच्या पलीकडे गेलेला असतो. फोन न मिळाल्यास हिंसक होणे, शाळा सोडणे, जेवण व झोप यांचे भान सुटणे, पैशाचे ऑनलाइन खेळ खेळून कर्जात पडणे, ही लक्षणे दिसली तर रागावून किंवा मारून उपयोग नाही. अशा वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा. बंगळुरू येथील ‘निम्हान्स’ संस्थेने २०१४ पासून अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग चालविला आहे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. हा क्रमांक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा.

समारोप

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच असा इशारा दिला होता, की माहिती विपुल झाली म्हणजे लक्षाचा तुटवडा निर्माण होतो. त्या वेळी घरोघर फोन नव्हते. आज तो तुटवडा खेड्यातील शाळेच्या बाकापर्यंत आला आहे. पाण्याचा तुटवडा आला तेव्हा या राज्यातील अनेक गावांनी ग्रामसभेत बसून पाळ्या ठरविल्या, उपसा मर्यादित केला आणि सर्वांना पुरेल अशी व्यवस्था लावली. ज्याची मोटार मोठी त्याने अधिक उपसावे, असे त्या गावांनी म्हटले नाही. मुलांच्या लक्षाची व्यवस्थाही अशाच विचाराने लावावी लागेल.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही, वरून आदेश येण्याचीही वाट पाहावी लागत नाही. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालणे, शाळेतील गृहपाठ पुन्हा फळ्यावर आणणे आणि सायंकाळचा एक तास साऱ्या घरांनी मिळून राखणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. पहिले काही दिवस तो तास लांबलचक वाटेल, मुले कुरकुरतील आणि मोठ्यांचेही हात खिशाकडे जातील. तो काळ धीराने काढला, तर एखाद्या घरात सातवीचा विद्यार्थी व्याजाचे उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात सोडवील आणि आपल्याला ते येते, हे त्याला कळेल. गावाने राखलेल्या तासाचे पहिले फळ हेच असेल.